मानेजवळ नीट पाहा

आमच्याकडे मुलगी पाहण्याआधी मुलीची चौकशी होते. फोटो, पत्रिका, पगार हे सगळे त्यानंतरचे. मुलीच्या घराजवळ राहणारा, पण तिच्या नात्यात नसलेला एखादा माणूस आधी शोधला जातो. खोटे बोलून याला काही मिळणार नाही, अशी दोन्ही बाजूंची खात्री असावी लागते. अमरावतीत, राजापेठेच्या मागे असलेल्या आमच्या वसाहतीत, तो माणूस बरीच वर्षे मी होतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. पत्नीचे माहेर अकोल्याचे, त्यामुळे दोन्ही गावांत ओळख. आवाज हळू, आणि बोलता बोलता थांबून विचार करण्याची सवय. या सवयीला लोक सचोटी समजत. मीही तेच समजत होतो.

शेजारच्या घरात माझे एक मित्र राहतात. त्यांचे कृषी केंद्र आहे; बियाणे, खते, फवारणीची औषधे. मूळचे चांदूर बाजारकडचे. बोलणे मोकळे, मन त्याहून मोकळे. त्यांची मोठी मुलगी रसायनशास्त्रात एम. एस्सी. झाली आणि राजापेठेतल्या एका शिकवणी वर्गात शिकवू लागली. मला ती लहानपणापासून ‘काका’ म्हणते. म्हणत असे.

शिकवणी वर्गाने तिचे तास इंटरनेटवर टाकले होते. पांढऱ्या फळ्यासमोर उभी राहून ती अणूंचे बंध समजावून सांगते आहे. चेहरा समोरून, भरपूर उजेडात, हसताना, रागावताना, विचार करताना. मुलांना बारावीत गुण मिळावेत म्हणून केलेले ते काम कोणीतरी वेगळ्या नजरेने जमा केले आणि कोणा दुसऱ्याच बाईच्या शरीरावर तिचा चेहरा बसवला. जेमतेम अर्ध्या मिनिटाची चित्रफीत. ज्याने ती केली तो आजवर सापडलेला नाही. पोलिसांत तक्रार आहे, ती तशीच आहे.

माझ्याकडे ती चित्रफीत सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. पाठवणाऱ्याने खाली लिहिले होते, ‘खरं की खोटं?’ ग्रुपचालकाने ती लगेच काढून टाकली आणि नमस्काराचे हात टाकून सर्वांची क्षमा मागितली. पण माझ्या फोनमध्ये आलेले सगळे आपोआप साठते. ती साठली.

त्याच दिवशी संध्याकाळी मित्र फाटकाशी आले. आत या म्हटले, आले नाहीत.

“सर, तुमच्याकडं आली असन.”

“आली होती. काढली ती ग्रुपवरून.”

“म्या पाहिली नाई. तिच्या मायनंबी पाहिली नाई. पोरीनं सांगतलं, बाबा, ते मी नोहोय. बस. बाप हाओ, आता मले पाहाचं काय काम हाये?” थोडा वेळ ते फाटकाच्या कडीशी खेळत राहिले. “तुमीबी नका पाहू, सर. तुमी पाहिली नाई एवढं माहीत असलं, तं मले तुमच्या तोंडाकडं पाहून बोलता येईन.”

मी म्हणालो, “मी कशाला पाहीन?”

तोवर मी ती पाहिली होती. त्यांच्या जाण्यानंतर पुन्हा पाहिली. मी स्वतःला दिलेले कारण इथे नमूद करतो, कारण ते सभ्य होते: ही खोटी असल्याचे सिद्ध करायचे असेल तर कोणा जाणत्याने ती तपासली पाहिजे. मी प्रकाशाचे नियम शिकवतो. सावली कुठे पडते, कडा कुठे फाटते, हे मला कळते. मान वळली की कानातले डुलायला हवे, ते डुलत नव्हते. चेहऱ्यावरचा उजेड डावीकडून आणि खांद्यावरचा उजवीकडून येत होता. हे मला सापडले. सापडल्यावर मी ती काढून टाकायला हवी होती. पुरावा म्हणून ठेवली. पुरावा कोणाला द्यायचा होता, हे मी ठरवले नव्हते.

ती मुलगी दुसऱ्या आठवड्यात वर्गावर गेली. मी तिच्या जागी असतो तर गेलो नसतो. मागच्या बाकांवरून आवाज येत, ती ऐकले न ऐकलेसे करी. पुढे वर्गाच्या मालकाने पालकांच्या फोनला कंटाळून तिला शिकवण्यावरून काढले आणि आतल्या खोलीत प्रश्नपत्रिका तयार करण्याच्या कामाला लावले. पगार तोच ठेवला, म्हणून त्याला लोकांनी चांगला माणूस म्हटले.

काही महिन्यांनी अकोल्याचे स्थळ आले. मुलगा बँकेत अधिकारी. घर शिकलेले. मुलगा आणि ती दोनदा भेटली, आणि दोघांनाही एकमेकांबद्दल बरे वाटले. आई-वडिलांनी चित्रफितीबद्दल बोलायचे नाही असे तिला बजावले होते. तिने दुसऱ्या भेटीत मुलाला सांगून टाकले. हे मला फार नंतर कळले. मुलगा म्हणाला होता, “मला ती पाहायचीही नाही. तू सांगितलंस, विषय संपला.” ती त्या दिवशी घरी आली ती जिन्यावरूनच गाणे गुणगुणत; मला आमच्या खोलीतून ऐकू आले. बऱ्याच दिवसांनी तो आवाज आला होता.

साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरण्याच्या बेतात असताना मला फोन आला. मुलाचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, बोलत होते. त्या घरात शब्द त्यांचा चाले.

“सर, सहज केला होता.”

असे फोन ‘सहज’च केलेले असतात. मी म्हणालो, “बोला ना.”

“पोरगी कशी हाये म्हणाव?”

“उत्तम आहे. शांत, हुशार, कामाची.”

“मायबाप?”

“माझे वीस वर्षांचे शेजारी आहेत. सोन्यासारखी माणसं.”

“मंग आमाले काई विचाराचं नाई. आणखी काई?”

हा शेवटचा प्रश्न रीतीचा असतो. त्यावर ‘काही नाही, बिनधास्त करा’ एवढेच म्हणायचे असते. मी कितीदा तरी म्हटले आहे. पण त्या दिवशी मला वाटले, यांच्या कानावर गेले असणार; हे विचारायला लाजत असणार; आपण होऊन बोललो तर मुलीची बाजू भक्कम होईल. शिवाय, हेही खरेच, आपण किती न्यायी आहोत हे दाखवण्याची मला कायम घाई असते.

“आणि ते मोबाईलवर जे फिरलं होतं,” मी म्हणालो, “त्याकडे लक्ष देऊ नका. ते पूर्ण बनावट आहे. मी खात्रीनं सांगतो.”



“काय फिरलं होतं, सर?”

तिथेही सावरता आले असते. मी सावरले नाही, समजावत बसलो. चेहरा बदलण्याचे तंत्र काय असते, फोटोवरून ते कसे होते, आजकाल कोणाच्याही बाबतीत कसे होऊ शकते, हे मी त्यांना वर्गात सांगावे तसे सांगितले. ते “हाव, हाव” करत गेले. शेवटी म्हणाले, “आमाले पाठवा न ते.”

“नको. कशाला?”

“सर, तुमी म्हणता खोटी हाये. मंग खोटी गोष्ट पाहाले काय हरकत हाये? उद्या दुसऱ्या कोनं पाठवली तं आमी काय समजाव? तुमच्याकडून आली तं आमाले समजीन का हे खोटीच हाये.”

या बोलण्यात मला त्या वेळी एकही चूक दिसली नाही. आजही शब्दाला शब्द लावून पाहिले तर दिसत नाही. मी पाठवली. सोबत लिहिले: ‘ही बनावट आहे. मानेजवळ नीट पाहा.’

चार-पाच दिवस काहीच झाले नाही. मग मित्रांना अकोल्याहून निरोप आला: या, बसून बोलून घेऊ, सरांनाही आणा. मित्र खूश झाले. तारखेसाठीच बोलावले असेल असे त्यांना वाटले. मुलीने मात्र विचारले, “सर काहून?” आणि मीही येते म्हणून हट्ट धरला. लग्नाआधी मुलगी सासरच्या उंबऱ्याशी जात नाही, आई म्हणाली. ती आली. मे महिना होता. गाडीत मी पुढे, मित्र चालवत, मागे मायलेकी. बडनेरा मागे पडल्यावर मी एकदा वळून पाहिले. ती माझ्याकडेच बघत होती. मी समोर पाहू लागलो.

अकोल्यात मोर्णा नदीपलीकडच्या त्यांच्या घरी बैठकीत कूलर एवढा मोठ्याने चालत होता की प्रत्येकाला आवाज चढवून बोलावे लागे. मोठे बाबा, मुलाचे आईवडील आणि मुलगा. पन्हे आले, चिवडा आला. उन्हाच्या गोष्टी झाल्या.

मग मोठे बाबा मांडीवर थाप मारून म्हणाले, “भाऊ, पहिले एक गोष्ट सांगतो, मन मोकयं करा. आमच्या मनात काई नाई. ते क्लिप आमी पाहिली. खोटी हाये.”

मित्रांच्या हातातला ग्लास तसाच राहिला. “कोणती क्लिप?”

“अरे, घाबरू नका न! खोटीच म्हणून राहिलो मी. सरांनी पाठवली तवाच सांगतलं होतं, मानेजवळ नीट पाहा. आमी सगळ्यांनी बसून पाहिलं. या टीव्हीवर लावून पाहिलं, मोठ्ठं दिसते. तं खरंच! मान हालते, पन कानातलं हालत नाई.” ते माझ्याकडे वळून कौतुकाने हसले. “सर, नजर मोठी बारीक हाये बा तुमची. आमाले तं दहादा पाहून समजलं.”

मित्र माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या हिशेबाला बसलेल्या माणसासारखे ते नुसते पाहत होते. मी चिवड्याची बशी हातात धरून होतो. ती खाली ठेवायला समोर टेबल होते, तरी मला ठेवता येईना.

मुलाची आई मायेने पुढे सरकली. “मी तं पहिलेच म्हटलं होतं, हे आपली पोरगी नाई. ते त्याच्यातली जराशी भरलेली हाये. ही कशी, सडपातय. बसली हाये तं समजूनच येते.” आणि बोलता बोलता तिने मुलीकडे वरून खाली असे पाहिले, जणू ताडून पाहते आहे. मग मुलाच्या वडिलांनी पाहिले. मग, हे सांगणे मला जड जाते, मीही पाहिले.

मुलगी अंगावरची ओढणी न सावरता सरळ बसून होती. तिने फक्त मुलाला विचारले, “तुम्हीपण पाहिली?”

“घरच्यांनी लावली होती,” तो म्हणाला. “पण ऐक ना, त्यामुळे फायदाच झाला. मी ऑफिसातल्या दोघांना दाखवली. एक जण याच लाइनमधला आहे. तो पाहताक्षणी म्हणाला, शंभर टक्के फेक. मी तुझं नाव सांगितलं नाही त्यांना.”

“चेहरा होता न.”

मोठ्या बाबांनी संभाषण हाती घेतले. “झालं! आता समाधान झालं सगळ्याईचं. फक्त एवढं करा, पोरीचे ते शिकवाचे व्हिडिओ काढून टाका, आन् लग्नानंतर क्लास-बिलास नको. कायले पुन्हा झंझट? साक्षगंध पुढच्या महिन्यात उरकून घेऊ. काय म्हणता, भाऊ?”

मित्र काही म्हणायच्या आत ती उभी राहिली. आवाज चढवला नाही, त्यामुळे कूलरच्या घरघरीत तिचे शब्द ऐकायला सर्वांना पुढे वाकावे लागले.

“मले हे लग्न नाई करायचं.”

“काहून?” मोठे बाबा खरोखर चकित झाले होते. “आमी तं खोटी मानली न! दुसऱ्या कोनं मानली असती का?”

“तुमी पाहून मानली,” ती म्हणाली. “सगळ्यांनी बसून, टीव्हीवर लावून. आता मी या खोलीत रोज चहा घेऊन येऊ?”

मुलाची आई हळूच म्हणाली, “एवढा तोरा!” आणि तेवढ्याने खोलीतली सगळी सहानुभूती जागा बदलून त्यांच्या बाजूला जाऊन बसली. मला ते जाणवले. क्षणापूर्वी ती बिचारी होती. आता उर्मट झाली.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरपर्यंत आई रडत होती आणि रडता रडता बोलत होती. “मोठ्या मनाचे लोक भेटले होते. सगळं माहीत होऊन घेऊन राहिले होते तुले. आता कोण घेईन? कोणाले तोंड दाखवाचं?” मुलगी खिडकीला डोके टेकून बसली होती. एकदाच म्हणाली, “काका, तुम्ही सांगा आईला. तुमचं ऐकते ती.”

‘काका’ म्हणून तिने माझ्याकडे मागितलेले ते शेवटचे होते. तिची चूक नाही, चूक माझी आहे, एवढे दोन वाक्यांत सांगता आले असते. गाडीत ऐकणारे तिघेच होते. मी घसा साफ केला आणि माझ्या त्या हळू, समजूतदार आवाजात म्हणालो, “बेटा, रागात निर्णय घेऊ नये. जरा विचार कर.”

तिने काच खाली केली. बाहेरची गरम हवा सगळ्यांच्या तोंडावर आली.

अमरावतीत शिरताना, सिग्नलला गाडी थांबली असता, मित्रांनी रस्त्यावरची नजर न काढता मला विचारले, “सर, तुमी किती वेळा पाहिली?”

“एकदाच,” मी म्हणालो. “ओझरती.”

ओझरत्या नजरेला कानातले दिसत नाही, हे त्यांना कळत होते. त्यांनी मान डोलावली. माझे खोटे त्यांनी असे स्वीकारले की त्यापेक्षा शिवी परवडली असती. घरी पोचून मी ती चित्रफीत काढून टाकली. बोटाचे एक काम. तोवर अकोल्यात ती किती फोनांत गेली असेल, याचा विचार मी करायला बसलो आणि उठलो.

मला वाटले होते, आता मित्र संबंध तोडतील. तोडले नाहीत. मुलीच्या बापाला शेजाऱ्याशी भांडणे परवडत नाही. उद्या दुसरे स्थळ आले तर चौकशी माझ्याकडेच होणार, हे त्यांना माहीत होते. ते पूर्वीसारखे हाक मारत. दिवाळीत फराळाचे ताट आले. वहिनी म्हणाल्या, “सर, एखादं स्थळ असन नजरेत तं सांगा.” मी आतल्या आत इतका ओशाळलो की चकलीचा तुकडा तोंडात तसाच धरून बसलो. ज्याने घर जाळले त्याच्याच दारी ती माणसे विस्तव मागत होती. आणि मुलीशी मात्र घरात कोणी नीट बोलत नव्हते. चालत आलेले नशीब लाथाडल्याचा राग तिच्यावर होता. माझ्यावर कोणाचा नव्हता.

पूर्वी कोणाची बदनामी करायची तर निदान एक तोंड लागे, आणि त्या तोंडाला कधीतरी जाब विचारता येई. आता तोंड लागत नाही, आणि बदनामी ऐकावी लागत नाही, ती पाहता येते. मग भले लोक परीक्षक होतात. वाईट माणसाने एकदा केले. आम्ही भल्यांनी ते खोटे आहे याची खात्री करून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा केले. असली चित्रफीत कशी ओळखावी, हे मी आता वर्गात मुलांना सांगत नाही. विचारले तर सांगतो, माहीत नाही.

दिवाळीनंतर ती एकदा आमच्याकडे आली. मी व्हरांड्यात उत्तरपत्रिका तपासत होतो. बसली नाही.

“माझ्यासाठी कोणाचा फोन आला तर तुम्ही काय सांगता?”

“चांगलंच सांगतो. यापुढेही—”

“चांगलं नका सांगू. मला ओळखत नाही म्हणून सांगा.”

मी पेन खाली ठेवले. वीस वर्षांच्या शेजाऱ्याने ‘ओळखत नाही’ म्हणणे म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळते. त्याहून वाईट शेरा चौकशीत दुसरा नाही. “त्याचा अर्थ लोक काय काढतील? कोणी पुढे येणार नाही.”

“जो तेवढ्यानं परत जाईन, त्याले जाऊ द्या,” ती म्हणाली. “ज्याले पाहिजे असन, तो मलेच येऊन विचारीन. आणि बाबांना सांगायचं नाही, मी सांगितलं म्हणून.”

त्यानंतर फोन आले. धामणगावहून आला, दर्यापूरहून आला. प्रत्येक वेळी मी थांबून विचार केला आणि म्हणालो, ओळखत नाही. पलीकडून “बरं, बरं, समजलो” असे येई, आणि मला त्यांचे समजणे ऐकू येई. ती नागपूरला नोकरीला गेली. तिथे ती पुन्हा वर्गावर शिकवते, एवढे कळले.

मग एके दिवशी मित्र आले. फाटकाशी थांबले नाहीत, सरळ आत आले.

“दर्यापूरचे पाहुणे भेटले होते,” ते म्हणाले. श्वास लागला होता. “तुमी त्याईले म्हटलं, मी तिले ओळखत नाई. खरं हाये का?”

पत्नी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली.

“ते क्लिपचं म्या गिळलं, सर. माणसाच्या हातून होते म्हटलं. पन हे काहून? पोरगी तुमच्या अंगणात खेळून मोठी झाली. तुमच्या ओसरीवर बसून तिनं बारावीचा अभ्यास केला. वीस वर्षं भिंतीला भिंत लागून हाये आपली. नाई ओळखत तुमी तिले?”

तिचा निरोप त्यांना सांगणे सोपे होते. एका वाक्यात मी सुटलो असतो. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि मी मान खाली न घालता म्हणालो, “नाही.”

ते निघून गेले. नंतर त्यांनी दोन घरांमधल्या भिंतीवर विटांचे आणखी चार थर चढवले. आता त्यांचे अंगण इकडून दिसत नाही.